डावीकडे ओढणारी जीप

नांदेडच्या एका वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर माझी बातमी छापून आली होती. निवृत्त अभियंता खेळण्यांच्या सुट्या भागांतून हुबेहूब गाड्या तयार करतो, अशी. सोबत फोटो आहे. टेबलावर सहा गाड्या मांडलेल्या आहेत, मागे मी बसलो आहे आणि माझ्या हातात एक छोटा पान्हा आहे. तो पान्हा मी त्या दिवशी पहिल्यांदाच हातात धरला होता.

गाड्या माझ्या बायकोने केल्या होत्या. सहाच्या सहा. त्यांतला एकही बोल्ट मी पिळलेला नव्हता. फोटोत ती नाही, तिने आणून ठेवलेले चहाचे कप तेवढे कोपऱ्यात दिसतात.

माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. हे लिहून ठेवलं नाही तर ती बातमीच खरी ठरेल, म्हणून लिहितो आहे.

आमची लेक लातूरला असते. नात अकरावीत गेली तेव्हा तिच्या खोलीतून खेळणी बाहेर निघाली. घरात अकरावी-बारावी असली की लातुरात टीव्हीसुद्धा माळ्यावर जातो, मग खेळण्यांना कोण ठेवून घेणार? दोन पोती आमच्याकडे नांदेडला आली. एकात भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या, चाकं आणि नट-बोल्ट होते. दुसऱ्यात एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे, तेही तीन-चार निरनिराळ्या खोक्यांतले, एकही संच पूर्ण नाही. मी भंगारवाल्याला द्यायला निघालो होतो. बायको म्हणाली, निवडून तरी बघते.

निवडणं हे तिचं लहानपणाचं काम. तिचं माहेर किल्लारीचं. वडिलांचं बाजारात लोखंडी सामानाचं दुकान होतं. सकाळी पूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ते गल्ल्यावर बसत आणि मिसळलेल्या नट-बोल्टांचं घमेलं मुलीपुढे ठेवत. मुलींची बोटं बारीक, म्हणून. डोळे मिटून नुसता आट्यावर अंगठा फिरवला की हा दोन सुती, हा तीन सुती, असं माप ती सांगायची. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न झाल्यावर चाळीस वर्षं त्या बोटांनी भाकरी थापल्या.

पोती निवडता निवडता तिच्या लक्षात आलं की लोखंडी बोल्ट प्लास्टिकच्या भोकात ढिला बसतो. नातीने तो नाद तिथेच सोडला असावा. हिने सायकलवाल्याकडून व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी आणली, तिचे तुकडे केले आणि एकेक तुकडा बोल्टावर चढवला. बोल्ट भोकात गच्च बसला. लोखंड आणि प्लास्टिक एकमेकांना धरून राहू लागली. सगळी करामत त्या नळीत होती. खाली सांगाडा लोखंडी, वर अंग प्लास्टिकचं. पाण्याचा टँकर झाला. उसाचा ट्रॅक्टर झाला, मागे दोन ट्रॉल्या. एक पांढरी सरकारी मोटार तिने माझ्यासाठी केली. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. देगलूर, उमरी, जिथे नेमणूक झाली तिथे साहेबांच्या गाडीत मागे बसून हिंडलो, स्वतःची गाडी कधी मिळाली नाही. मोटार माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "घ्या. आता म्होरं बसा."

सगळ्यात शेवटी जीप केली. तिला जवळजवळ वर्ष लागलं.

भूकंपात दुकान गेलं, घरची माणसं वाचली. पुढे तिच्या धाकट्या भावाने जुनी जीप घेऊन किल्लारी-लातूर माणसं नेणारं वडाप सुरू केलं. दर पंचमीला मुऱ्हाळी म्हणून तो ती जीप घेऊनच नांदेडला यायचा आणि बहिणीला माहेरी न्यायचा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार त्याने काढून टाकलं होतं, म्हणजे आणखी एक माणूस मावतो. मागे फळी ठोकलेली. बहिणीची पाण्याची बाटली अडकवायला पुढे एक खिळा. आणि ती जीप डावीकडे ओढायची. कितीही दुरुस्ती केली तरी ओढायचीच. तो म्हणायचा, अक्का, तू बसलीस की ही आपल्या आपच गावाकडं वळती. भाऊ कावीळ होऊन गेला. जीप भंगारात गेली. तिचा फोटो कुणी काढलेला नव्हता. भावाच्या एका फोटोत मागे बॉनेटचा कोपरा दिसतो, तेवढाच.

खेळण्यातली जीप तयार झाल्यावर बायकोने शहाबादी फरशीवर ठेवून तिला ढकललं. जीप हळूहळू डावीकडे वळत गेली आणि ज्वारीच्या कोठीला टेकली. मी म्हणालो, चाक बघ, कुठेतरी चुकलं आहे. ती हसली. म्हणाली, "चुकलं न्हाई. ती अशीच चालायची." मग तिने ती परत आणून ढकलली, परत कोठीला टेकवली. त्या दिवशी ती मला फार दिवसांनी तरुण दिसली.

शेजारच्यांचा एक पाहुणा वर्तमानपत्राला बातम्या द्यायचा. त्याने गाड्या पाहिल्या आणि मला विचारलं, काका, तुम्ही केल्या का? मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून ती म्हणाली, "हाव, ह्यांनीच. इंजिनेर हायत ना." आमच्या घरात बाहेरच्या माणसापुढे तिने कधी स्वतःचं काही सांगितलं नव्हतं. म्हातारी बाई खेळण्यांशी खेळते म्हणून लोक हसतील, हीही भीती तिला असणार. एवढंच म्हणायचं होतं, नाही हो, हिने केल्या. चार शब्द. मी चहाचा घोट घेतला.

बातमी आली. तिनेच ती कापून देवघराच्या कपाटात ठेवली. महिन्याभरात लातूरच्या एका शाळेचं बोलावणं आलं. विज्ञान प्रदर्शनात मुलांना गाड्या दाखवायच्या, कशा जोडल्या ते समजावून सांगायचं. इथून खरा घोळ सुरू झाला. मी तिला म्हणालो, शिकव. तिने आठवडाभर शिकवलं. माझी बोटं जाड, नळी बोल्टावर चढेना. शेवटी ती म्हणाली, नुसत्या दाखवून या, खोलायला जाऊ नका.

प्रदर्शनाच्या आधी दोन दिवस ती भाचीच्या लग्नाला उदगीरला गेली. दुपारी मी एकटा गाड्यांपुढे बसलो. तिथे कुणी मास्तरने विचारलं, जीपचा पुढचा आस कसा बसवला, तर काय सांगायचं? मी अभियंता, खोलून पाहिलं की कळेल, परत जोडता येईल, असं मला वाटलं. मी जीप खोलायला घेतली.

माझी पद्धत नोकरीतली. खात्यात मोजमाप पुस्तक असतं. काय बसवलं, किती नग, किती लांबी, ते त्यात लिहायचं. मी नवी वही घेतली आणि निघालेला प्रत्येक भाग मोजून लिहीत गेलो. पट्टी, भोकं सात, नग चार. पट्टी, वाकवलेली, नग दोन. बोल्ट, नट, सगळं. निघालेल्या बोल्टावर त्याचाच नट परत पिळून मी औषधांच्या रिकाम्या डब्यांत ओळीने ठेवला. फार व्यवस्थित काम केलं. फक्त कोणता भाग कुठून निघाला, हे लिहिलं नाही. मोजमाप पुस्तकात तो रकानाच नसतो.

पुढच्या आसाशी आल्यावर चार नळ्या निघाल्या. तीन सारख्या होत्या, उजवीकडची एक थोडी लांब. मला ती चूक वाटली. मी दाढीचं ब्लेड घेतलं आणि तीही इतर तिन्हींएवढी कापली. मग वहीत लिहिलं: रबरी नळी, नग चार, लांबी समान.

संध्याकाळपर्यंत जोडायला बसलो होतो. दुसऱ्या दिवशीही बसलो. पट्ट्या वाकवून ताणात बसवलेल्या होत्या, मी एक टोक धरलं की दुसरं सुटायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी डबे एका खोक्यात भरले, बाकीच्या गाड्या दुसऱ्यात, आणि लातूरची गाडी पकडली. जीपचं खोकं घरी ठेवलं तर बायको आधी येऊन पाहील, म्हणून तेही सोबत नेलं.

शाळेत गाड्या टेबलावर मांडल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, आजोबा, प्लास्टिकच्या भोकात लोखंडी बोल्ट कसा बसवला? एवढं एकच मला येत होतं. मी नळीचं सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, बघा, साध्या गोष्टीतून केवढी कल्पकता. मला शाल आणि नारळ दिला. बाहेर गार वारा होता, मी शाल अंगावरच ठेवून परत आलो.

बायको आधीच घरी पोचली होती. जीप कुठे आहे म्हणाली. मी म्हणालो, लेकरांनी हाताळली, पडली, सगळी सुटली. तिने खोकं उघडलं. एक डबा काढला, एक बोल्ट उचलून त्यावरचा नट अंगठ्याने फिरवून पाहिला, परत ठेवला. "बरं," म्हणाली. खोकं बंद करून तिने पलंगाखाली सारलं. त्यानंतर तिने एकही गाडी केली नाही. मी दोन-तीनदा विषय काढला. डोळ्यांना दिसत नाही म्हणाली. सुईत दोरा मात्र तीच ओवायची.

दोन वर्षांनी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. उपचारासाठी लेकीने तिला लातूरला नेलं. लेकीचं घर दोन खोल्यांचं, म्हणून मी नांदेडला राहतो आणि दर शनिवारी जातो. अशाच एका शनिवारी, लेक औषधं आणायला बाहेर गेली होती तेव्हा, मी पलंगाजवळ बसून तिला सांगून टाकलं की जीप लेकरांनी मोडली नव्हती.

 एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "ठाऊक हाय. लेकरं मोडतेत. खोलून ठेवत न्हाईत."

तेव्हा मला ते औषधांचे डबे आठवले. बोल्टावर त्याचाच नट, ओळीने.

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस?

"तुमच्या अंगावर शाल हुती," ती म्हणाली.

बातमी देणाऱ्या त्या पाहुण्याला मी गाठलं. खरं काय ते छाप म्हणालो. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, काका, आता कोण विचारतंय, आणि काकूंनीच तर सांगितलं होतं. काकूंनीच सांगितलं होतं, हे खरं आहे. 

मग मी खोकं बाहेर काढलं. पाच महिने जीप जोडत होतो. वहीतले आकडे पुढे होते, प्रत्येक भाग मोजून घेतला, एकही नग कमी नव्हता. फळी मागे बसवली, दार काढलेली बाजू उघडी ठेवली, बाटलीचा खिळाही लावला. लांबून पाहिलं तर जीपच दिसत होती. मागच्या शनिवारी ती मांडीवर घेऊन लातूरला गेलो. लेकीने आईला उशांना टेकवून बसवलं. मी खाली बसलो आणि गुळगुळीत फरशीवर जीप ढकलली.

ती दारापर्यंत गेली. बायकोची नजर चाकांवर होती. जीप थांबल्यावरही ती थोडा वेळ तिकडेच बघत होती, जणू अजून काही व्हायचं आहे.

"सरळ गेली," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

लेक म्हणाली, अगं आई, बाबांनी किती कष्टाने केली, बघ तरी. तिने पाहिलं नाही. मी जीप पिशवीत घातली आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघालो.

ब्लेडचं मी तिला सांगितलेलं नाही. सांगणार होतो, पण तिने तोंड फिरवल्यावर जमलं नाही. ते इथे पहिल्यांदा लिहितो आहे. या आठवड्यात सायकलवाल्याकडून नळी आणून मी निरनिराळ्या लांबीचे तुकडे उजवीकडे लावून पाहिले. एकाने जीप गर्रकन फिरते, दुसऱ्याने चाक घासतं. जसं ती कोठीपर्यंत हळूहळू वळायची, तसं एकानेही होत नाही. तिला विचारावं, तर तिची बोटं आता तिलाच सांगत नाहीत. ती नळी किती लांब होती हे त्या दुपारी माझ्या हातात होतं, मोजपट्टी शेजारी पडली होती, आणि मी मोजायच्या आधी कापली.

वहीत अजून तेच आहे. रबरी नळी, नग चार, लांबी समान. ती ओळ मी आज खोडली. तिच्या जागी काय लिहायचं, ते मला माहीत नाही.