आढ्याला बांधलेली दोरी

लाहूने मारलेली गाठ आपोआप सुटली, असं तलासरीच्या आसपासच्या पाड्यांवर कोणी म्हटलं नसतं. जन्मभर त्याने मांडव बांधले, लग्नाचे आणि तोंडलीचेही. दोरी कापून काम उरकणारा त्याच्या लेखी कामचुकार. गाठ सोडावी, दोरी गुंडाळावी, पुन्हा वापरावी.

हात थकल्यावर तो घरी राहिला. जतीनशेठच्या चिकूच्या वाडीत त्याने वर्षानुवर्षं काम केलं होतं. शेठने हिमाचलातून हॉपच्या मुळ्या आणल्या होत्या. बिअरला कडवटपणा देणारी फुलं येतात तो वेल. वाडीतल्या साऱ्या मुळ्या उन्हाने करपल्या, एक उरली. ती शेठने लाहूला दिली. जगली तर तुझ्याच हाताने जगेल, म्हणाले.

लाहूने ती परसात आंब्याच्या सावलीत लावली. शेणखत घातलं, बुडाशी पेंढा पसरला, रोज पाणी वाहिलं. पावसाळा सरेपर्यंत वेल डोक्यावर गेला. त्याला उंच दोरी लागते, आणि खांब पुरायला जावं तर खाली कातळ. मग पाड्यात सगळे करतात तेच लाहूने केलं. दुधी असो, तोंडली असो, वेल घरावर चढवायचा. परसात खुंटी ठोकून त्याने काथ्याची दोरी ताणली आणि भिंतीबाहेर आलेल्या आढ्याच्या टोकाला बांधली. वेल दोरीला पीळ घालत निघाला. फुलं मात्र येईनात.

दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात जमीन हलू लागली. आधी वाटलं, कुठेतरी सुरुंग उडवतायत. मग मांडणीवरची भांडी वाजली. शेजारची सुकी घरच्यांना घेऊन ताडपत्रीखाली झोपू लागली. कुंपणापलीकडून ती म्हणाली, "लाहूदादा, दारूचा वेल लावलास, धरणीला चढली बघ."

लाहूची बायको चिमी बाहेर झोपायला तयार नव्हती. थंडीत नातवाला उघड्यावर काढणार नाही, म्हणाली. तिचं घर कुडाचं नव्हतं, विटांचं होतं. त्याचा तिला भरवसा. सून भिकी बाळाची झोळी आढ्याला टांगायची, भिंतीजवळ, जिथे वारा लागत नाही तिथे.

एका धक्क्यानंतर लाहूला दोरी सैल दिसली. त्याला लाज वाटली. आपले हात गेले, असं समजून त्याने गुपचूप, पाय रोवून दोरी ओढली आणि खुंटीला नव्याने गाठ मारली. पुढच्या धक्क्यानंतर पुन्हा तेच. या वेळी जास्त जोर लावला, आणि गाठीच्या तोंडाशी दोरीला कोळशाने खूण केली.

जानेवारीत एका दुपारी मोठा धक्का बसला. दोरीला झोळ पडला. लाहू खुंटीपाशी वाकला. खूण जागच्या जागी होती. खुंटीही तसूभर हलली नव्हती.

तो तसाच वाकून राहिला. तेवढ्यात चिमी घमेल्यात कालवलेली माती घेऊन आली.

"माती कशाला?"

"भिंतीला. कोपऱ्यात भेग पडते, मी लिंपते. दर धक्क्याला आहेच. तुला काय सांगायचं त्यात?"

"कुठला कोपरा?"

तिने दारातून झोळीकडे बोट केलं.

लाहू आत गेला. बाळाला झोळीतून उचलून त्याने थेट कुंपणापलीकडे सुकीच्या हातात दिलं. भिकीला बाहेर बोलावलं. मग चिमीला म्हणाला, "गाठ सुटत नव्हती. भिंत येत होती. आणि मी ओढत होतो."

चिमीने घमेलं खाली ठेवलं.

आढ्याकडची गाठ सोडायला शिडी लावायची तर त्याच भिंतीला. लाहूने कोयता घेतला आणि हात पोचेल तिथे दोरी तोडली. वेल खुंटीवर ढासळला. त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

संध्याकाळी सगळी ताडपत्रीखाली होती. सुकीने चहा दिला, थट्टा केली नाही. लाहू भिंतीकडे तोंड करून बसला होता. आढ्याच्या टोकाला तुटकी दोरी लोंबत होती. आंब्याचं पान हलत नव्हतं.

दोरी हलत होती.

लाहू उठला. बाळाला आणखी लांब ने, असं भिकीला म्हणाला, आणि ताडपत्रीच्या गाठी सोडू लागला.