सोमवारी न हलणारी जीप

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाची हद्द जिथं हाकेवर येते, तिथल्या एका गावात चंद्रप्पांचं किराणा दुकान आहे. दुकानापेक्षा त्यांची पांढरी जीप जास्त प्रसिद्ध. जीप बाईमाणूस असली तरी तिचं नाव नंदी. चावी दुकानाच्या दारातल्या खिळ्याला टांगलेली. ज्याला अडचण असेल त्यानं न्यावी, येताना डिझेल घालून आणावी. मंगळवार ते रविवार हा नंदी कुणाचं बाळंतपण पार पाडतो, कुणाची सोयरीक जुळवतो, कुणाची शेळी बाजारात पोचवतो.

सोमवारी मात्र सुट्टी. सोमवारी बैल औताला जुंपायचा नाही, हा त्या भागातल्या शिवभक्तांचा जुना रिवाज. चंद्रप्पांनी बैल विकले, पण रिवाज विकला नाही. तो जीपला लावला. सोमवारी सकाळी ते जीप धुतात, बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे ओढतात, चावी देवघरात बायकोच्या, गौरम्मांच्या हवाली करतात आणि मठात जाऊन बसतात ते दिवेलागणीलाच उठतात. गेल्या साली हणमंतराव सरपंचांच्या मेव्हण्याची वरात सोमवारी निघाली. नवरदेव ट्रॅक्टरवर गेला, नंदी हलला नाही. याचा चंद्रप्पांना इतका अभिमान, की त्याखालोखाल फक्त मिशीचा. मिशी म्हणजे काय, दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं अशी.

अशा माणसाच्या घरी लातूरहून लिफाफा आला.

लातुरातल्या एका व्यापारी संकुलाच्या खासगी पार्किंगवाल्यांनी तो धाडला होता. वरती ‘नोंदणीकृत वाहनमालक’ असं वाचून चंद्रप्पांना आधी आनंदच झाला. एवढ्या मानानं त्यांना कुणी कधी हाक मारली नव्हती. खाली मात्र लिहिलं होतं, की आपली जीप पार्किंगमध्ये एका तासाऐवजी पावणेपाच तास उभी राहिली, सबब दीड हजार रुपये भरावेत. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते तारखेचं. सोमवार!

“गौरा! ह्ये बघ! नंदी सोमवारी लातूरला गेलता म्हणं!”

गौरम्मा ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भरून टाका अन मोकळं व्हा. शिकलेल्या लोकांच्या नादी कशाला लागायलाव?”

“दीड हजार न्हाई, पंधरा हजार भरीन. पण सोमवारी माझा बैल जुंपला म्हणतेत, अन मी गप बसू?”

त्यांनी दुकानात सभा भरवली. “सोमवारी नंदी हलतो का?” सगळ्या गावानं एका आवाजात सांगितलं, “न्हाई!” चंद्रप्पांनी दंडाविरुद्धचा अर्ज पुढं केला, “मग करा साक्षीची सही.” तेव्हा हणमंतरावांचा अंगठा अचानक दुखायला लागला, दोघांचे चष्मे घरी राहिले आणि पारूबाईंना चुलीवरचं दूध आठवलं. एवढी सत्यप्रिय माणसं सहीला का कचरतात, हे चंद्रप्पांना कळेना. शेवटी चिडून त्यांनी अर्जाखाली स्वतःच ठासून लिहिलं: ‘माझी जीप सोमवारी हलली असे सिद्ध झाल्यास मी मिशी उतरवीन.’ खाली सही, तीही नोंदणीकृत मालक म्हणून.

सुनावणीची तारीख लागली ती सोमवारची. म्हणजे जीप न्यायचा प्रश्नच नव्हता. चंद्रप्पा एसटीनं निघाले. “मी बी येते,” म्हणत गौरम्मा पिशवी घेऊन शेजारी बसल्या. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या भांडणात त्या पहिल्यांदाच जातीनं हजर राहत होत्या. चंद्रप्पांचा ऊर भरून आला.

पार्किंगवाल्यांच्या ऑफिसात तक्रारीच्या टेबलाशी बुद्धप्रिया नावाची शांत मुलगी होती. तिनं अर्ज वाचला. मिशीच्या ओळीपाशी थांबून तिनं मिशीकडं पाहिलं.

“काका, गाडीचे मालक तुम्हीच ना?”

“नोंदणीकृत.”

“मग हा फोटो बघा.” तिनं कॉम्प्युटरचा पडदा वळवला.

चंद्रप्पा हसत हसत वाकले. नंबर त्यांच्याच जीपचा होता. असंल, नंबर कुणीबी रंगवतो. चेपलेला दिवाही त्यांच्याच जीपचा होता. असंल, दिवे कुणाचेही चेपतात. मग त्यांना बॉनेट दिसलं. बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे होते, ठसठशीत, त्यांच्याच बोटांचे. ते फक्त सोमवारी ओढले जातात आणि मंगळवारच्या धुळीत उडून जातात. आणि काचेतून दिसत होती ड्रायव्हरच्या सीटवर घडी घालून ठेवलेली वाकळ, पोपटी ठिगळाची. साडेचार फुटांच्या माणसाला पुढचा रस्ता दिसावा एवढ्याच जाडीची.

ती वाकळ त्यांच्या घरची होती. साडेचार फूटही त्यांच्याच घरचे होते.

ते सावकाश शेजारी वळले. गौरम्मा छताचा पंखा बघत होत्या.

“काका, तुम्ही चालवत नसाल, तर कोण चालवत होतं ते सांगा. मग तुमच्यावर काही येत नाही,” बुद्धप्रिया म्हणाली.

चंद्रप्पांनी एकदा पडदा पाहिला, एकदा बायको. एक बोट केलं असतं तर ते सुटले असते. त्यांनी खिशात हात घातला. “भरतो मी. किती म्हणलाव?”

“थांबा हो.” गौरम्मांनी पिशवीतून लायसन काढून टेबलावर ठेवलं. “मी चालवत होते, बाई. शेजारच्या पंचफुलाचे डोळे दाखवायला आलतो, वरच्या दवाखान्यात. थेंब घालून घालून बसवलं तिला.”

“तू गाडी शिकलीस?” चंद्रप्पांचा आवाज बारीक झाला. “कवा?”

“सोमवारीच की. बाकीचे सा दिवस गाडी गावाची. मला कवा मिळायची?” मग त्या पडद्याकडं वळल्या. “आता दंडाचं बोलू. एका तासाची पाटी कुठंय तुमची?”

“ती काय, खांबावर.”

“खांबावर तर वाढदिवस हाय.”

बुद्धप्रियानं फोटो मोठा केला. खांबाला कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता; गॉगल घातलेला तो आणि त्याच्याभोवती सत्तावीस शुभेच्छुक. पाटी बिचारी त्यांच्या मागं कुठंतरी गुदमरली होती.

“मला दिसलं त्ये वाचलं,” गौरम्मा म्हणाल्या. “त्यात एक तास लिवला नव्हता. दीर्घायुष्य लिवलं होतं.”

बुद्धप्रियाला हसू आवरेना. तिनं आतल्या साहेबांना बोलावलं, साहेबांनी फ्लेक्स पाहिला आणि दंड रद्द झाल्याचा कागद शिक्का मारून गौरम्मांच्या हाती दिला.

परतीच्या एसटीत चंद्रप्पा औशापर्यंत मिशीला पीळ देत बसले. मग गौरम्मा म्हणाल्या, “अर्ज जिंकला की आपण. मिशीचं कोण बघायलंय?”

“मी बघायलोय,” चंद्रप्पा म्हणाले.

गावात उतरल्यावर पारावर बसलेल्या हणमंतरावांनी त्यांचा चेहरा वाचला. “मामा, मनावर घेऊ नका. आमाला चार महिने झाले ठाऊक होऊन.”

“म्हणून अंगठा दुखत होता व्हय तुमचा!”

चंद्रप्पा तडक दगडोबाच्या सलूनकडं गेले. फळी लावलेली होती. दगडोबा बाहेर बाजेवर पडला होता.

“ऊठ. मिशी काढ.”

“मामा, आज सोमवार. सोमवारी आमचा वस्तरा हलत न्हाई. बापजाद्यांचा रिवाज हाय.”

“माझी जीप हलली,” चंद्रप्पा फळी काढत म्हणाले, “तर तुझा वस्तरा बी हलंल. ऊठ!”

आणि ऐटीत खुर्चीत जाऊन बसले.

पुढच्या सोमवारी त्यांनी जीप धुतली, भस्म ओढलं आणि सीटवर वाकळ स्वतःच्या हातानं अंथरली. मठात कुणीतरी खोडी काढलीच, “काय चंद्रप्पा, नंदी जुंपला म्हणं?”

“जुंपला न्हाई,” रिकाम्या ओठावर सवयीनं पीळ देत ते म्हणाले. “नंदीवर पार्वती बसली, तर त्याला जुंपणं म्हणत न्हाईत.”