काचवाली आत्या आणि पोटरीतली गुठळी

आमची आत्या काच कापते. हिरकणीने, म्हणजे हिऱ्याचं टोक बसवलेल्या कटरने, रेघ ओढायची, खालून हलकी टिचकी मारायची, की काच सरळ दुभंगली. हातमोजे घालणाऱ्यांची ती टर उडवायची.

गेल्या वर्षी तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. केस गेले, तर दुकानातल्या आरशासमोर उभी राहून म्हणते कशी, "डोक्याचा आकार छानच आहे की माझा! उगाच इतकी वर्षं झाकून ठेवला."

मग एक दिवस तिची डावी पोटरी सुजली. "उभं राहून भरून आलीय," ती म्हणाली. आतोबा तेलाची वाटी घेऊन चोळायला बसले. मी हात लावून पाहिला. डावा पाय तापलेला, टणक. उजवा अगदी नेहमीसारखा. एकच पाय सुजला किंवा एकाएकी धाप लागली तर लगेच या, असं केमोच्या नर्सने बजावलं होतं.

"आतोबा, चोळू नका! आत्या, चल."

"शाळेच्या खिडक्या द्यायच्यात गं. उद्या बघू."

"रिक्षा दारात उभी आहे."

सोनोग्राफीत रक्ताची गुठळी दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं. त्यात ऑपरेशन आणि केमो. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं." रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं रोज पोटावर घ्यायची होती. "काम काय करता?"

"काच कापते."

त्यांचं पेन थांबलं. "आता कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. दुकान बंद ठेवा."

"इंजेक्शन एकही चुकवणार नाही," आत्या म्हणाली. "पण घरी पडून राहिले तर पुन्हा गुठळीच ना? काय केलं तर चालेल, ते सांगा."

बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं: जाड हातमोजे घालायचे, मोठ्या काचा कारागिरांनी उचलायच्या, मधूनमधून चालायचं.

इंजेक्शन आतोबा द्यायला शिकले. पहिल्या दिवशी त्यांनी सुई उचलली आणि डोळे गच्च मिटून घेतले. "अहो, सुई मला टोचायचीय. डोळे तुम्ही का मिटताय?"

तरी एकदा हातमोज्याच्या वर, मनगटापाशी काच लागलीच. एवढीशी चीर, पण रक्त थांबेना. तिने फडकं घट्ट दाबलं, हात वर धरला आणि मला म्हणाली, "रडत बसू नकोस, रिक्षा बोलाव." टाके पडले. घरी आल्यावर मात्र तीच रडली. "मरणाला नाही गं भ्यायले. हातातून काम जाईल म्हणून भ्यायले."

दुसऱ्या दिवशी तिने जुनी चामडी बॅग उसवून कोपरापर्यंतच्या बाह्या शिवल्या. आतोबा म्हणाले, "लढाईला निघालीस की काय?"

"निघालेच आहे."

पोटरीची सूज हळूहळू उतरली. केमो अजून चालू आहे, इंजेक्शनंही. परवा शाळेच्या खिडक्या बसल्या. ती एकेक मजला दम खात चढली. वर पोचल्यावर काचेची कड निरखून कारागिराला म्हणाली, "वाकडी आहे. काढ आणि पुन्हा बसव."