चांदणी परत फिरली

सप्टेंबर १९४८ मध्ये आमच्या सेक्शनची पोस्टिंग आखाडा बाळापूरजवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर झाली. नाईक दत्तू मोरे आणि आम्ही आठ शिपाई. काम एकच, एकोणीस घोडे राखणे. काळ्या रानात चिखल असा की ट्रक रुतत. पळून चाललेल्या हत्यारबंद टोळ्यांना कायाधू नदी ओलांडायला घोडाच हवा होता.

फार्मचे सईस होनाजी. त्यांची मुलगी रुक्मी, वय अकरा. आई नव्हती. चांदणी नावाच्या घोडीच्या पायांत खेळत ती वाढली होती. रोज दोनदा ती घमेल्यावर काठी बडवायची. म्हणजे चंदी, भिजवलेल्या हरभऱ्याचा खुराक, तयार. आवाज आला की घोडे कुरणातून दौडत यायचे, पाठीवर कोणी असो वा नसो. पहिल्याच दिवशी आमचा शिपाई गणपत पवार चांदणीवर बसला आणि गव्हाणीसमोर तोंडघशी पडला.

"दादा, चंदीच्या टायमाला कलेक्टर बसला तरी थांबत न्हाई ती," रुक्मी हसली.

नाईक म्हणाले, "गणपत, तूही जेवणाच्या शिट्टीला असाच पळतोस."

पाचव्या दिवशी सकाळी कुरणाच्या टोकाकडून फायर आला. बारा-तेरा जण होते. गणपत कुंपणाशीच पडला. गोळी गळ्यातून गेली होती. होनाजी आडवे गेले, तर तलवारीने त्यांचा खांदा उतरवला. टोळीतले काही उघड्या पाठीवर चढले. बाकीचे घोडे पुढे घालून त्यांनी नदीचा उतार धरला.

"होल्ड फायर! घोडे मधे आहेत!" नाईक ओरडले. रुक्मी गव्हाणीआड होती. ते तिच्याकडे वळले. "पोरी, घमेलं वाजव."

"तुमी गोळ्या घालताल. चांदणीला लागंल."

"घोड्याला गोळी लागणार नाही."

"खरं?"

"शब्द दिला. वाजव."

ती उघड्यावर उभी राहिली आणि बडवू लागली. चांदणी आधी वळली, मग सगळे. लगाम नव्हते, स्वार आयाळ ओढत राहिले. तिघे पडले. एकाचे डोके टापांखाली फुटले. उठलेल्या दोघांवर आम्ही फायर केला. काही उड्या टाकून ओढ्याकडे पळाले.

चांदणीवरचा माणूस मात्र तिच्या मानेला चिकटून होता. गव्हाणीजवळ येताच त्याने रुक्मीवर पिस्तूल रोखले. नाईकांची रायफल त्याच्यावरच होती, पण मधे घोडीची मान. त्यांनी रायफल टाकली, धावले आणि त्याचा पाय धरून त्याला खाली खेचले. पिस्तूल त्यांच्या छातीला टेकून सुटले. त्या माणसाला मी जमिनीवरच संगीन मारली. दोनदा.

"पोरगी?" नाईकांनी विचारले.

"ठीक आहे, साहेब."

"घोडी?"

"ठीक."

तिथेच ते गेले.

होनाजींना बैलगाडीने हिंगोलीला पाठवले. रुक्मी घोड्यांपाशी थांबली. दुपारपासून पाऊस लागला. दोन चिता रचायच्या होत्या आणि सगळे लाकूड ओले. तिने तबेल्याच्या सागवानी फळ्या उपटायला सुरुवात केली.

मी म्हणालो, "अगं, घोडे कुठं बांधशील?"

"भिजतील एक रात," ती म्हणाली. "यांना कोरडं लाकूड पायजे."

नाईक दत्तू मोरे, वय सत्तावीस, आणि शिपाई गणपत पवार, वय वीस, यांना आम्ही त्या फळ्यांवर अग्नी दिला.