उरलेल्या रंगांचं घर

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं ज्याने म्हटलं, त्याने दुसऱ्याने बांधलेलं घर विकत घेऊन पाहिलेलं नसावं. आम्ही वाशीममध्ये पाच महिने तेच करत होतो. लग्न त्या मानाने सोपं होतं.

आई गेल्यावर बाबा किन्हीराजात एकटेच राहत होते. मी त्यांची एकुलती एक. वाशीमच्या शाळेत शिकवते, आणि तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, समोरचं मधलं पुसट होत जाईल, कडेचं थोडंफार राहील, चष्म्याने काही फरक पडणार नाही. त्यानंतर बाबांनी दोनदा चहा कपाबाहेर ओतला आणि एकदा शेजाऱ्यांच्या म्हशीला रामराम केला. म्हशीचं ते स्वतःच हसत सांगायचे. चहाचं मला शेजारणीकडून कळलं.

आमच्याकडे बापाला लेकीच्या घरी जाऊन राहणं जड जातं. बाबांच्या पिढीतली माणसं लेकीच्या घरी पाणी प्यायलाही कां-कूं करायची. वर्षभर मी समजावत होते. शेवटी ते तयार झाले, पण एक अट घातली.

"हात धरून मले संडासले न्या लागत असन, तं मी येत नाही. ज्या घरात माहा मी जाईन, माहा मी येईन, त्या घरात राह्यतो. नाही तं मी अठीच बरा आहो."

म्हणजे घर नवऱ्याने किंवा मी पसंत करून भागणार नव्हतं. नवरा रिसोडला नोकरीला. त्याने पहिल्याच दिवशी "तुला पसंत ते मला पसंत" असं सांगून टाकलं. ऐकायला हे वाक्य प्रेमळ आहे. मी त्याच्या वाटची सगळी घरं पाहिली तेव्हा मला त्याचा अर्थ कळला. बाबा दर रविवारी सकाळच्या बसने यायचे. मी स्टँडवर जाऊन त्यांना घ्यायचे आणि आम्ही दलालाच्या दुकानात जायचो.

दलालाचं खरं दुकान झेरॉक्सचं. घरांचा धंदा जोडीला. त्याचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप होता, त्यात घरं, प्लॉट, क्वचित एखादी दुभती गाय आणि रोज सकाळी सुविचार येत. प्रत्येक घराखाली मजकूर एकच: 'प्रशस्त, हवेशीर, पूर्वमुखी, बोअरला बारमाही पाणी, शाळा-दवाखाना-मंदिर हाकेच्या अंतरावर.' हाक कोणाची ते दिलेलं नसे. फोटोंची तऱ्हा वेगळीच. घर विकायचं म्हणून त्याचे फोटो काढावेत असं इथे कोणाला सुचत नाही. वास्तुशांतीला काढलेले असतात, तेच पाठवतात. त्यामुळे प्रत्येक घरात होमाचा धूर, फेटे बांधलेले मामा, नव्या साड्या आणि बुंदी वाढणारा कोणीतरी. हॉल किती मोठा आहे ते कळायचं नाही, त्यात किती पंगती उठल्या असतील ते कळायचं. एकदा मी दलालाला म्हटलं, "भाऊ, माणसं नसलेला एक तरी फोटो पाठवा." त्याने छताचा पाठवला.

छत हा इथे मोठाच विषय आहे. ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने छताला कमळ करून घेतलं. पीओपीचं कमळ, पाकळ्यांच्या आड दिवे, आणि दिवे रंग बदलणारे. मालक आम्हाला आत घेतल्या घेतल्या आधी दिवे लावायचा. मग आम्ही सगळे माना वर करून उभे. बाबाही मान वर करायचे, न दिसणाऱ्या कमळाला "वा, वा" म्हणायचे आणि मान खाली आणून विचारायचे, "बाथरूम कुठी आहे?"

लाखाळ्याकडचं पहिलं घर खरोखरच पूर्वमुखी होतं. मूळचं दक्षिणमुखी. कोणीतरी सांगितलं म्हणून मालकाने दक्षिणेचं दार चिणून पूर्वेला नवं काढलं होतं. पूर्वेला दीड हातावर शेजाऱ्याची भिंत. त्या बोळीतून माणूस आडवा होऊन जाऊ शकतो, उभा नाही. घरची मंडळी मागच्या मोरीतून ये-जा करत. मी विचारलं, "मग हे दार कधी उघडता?"

"लक्ष्मीपूजनाले," मालक म्हणाला. "लक्ष्मी येते ना अठून."

बाबा म्हणाले, "लक्ष्मी बारीक असन बापा."

हिंगोली रोडच्या घरात दुसरी बेडरूम दिसेना. दार उघडलं तर समोर सोयाबीनची पोती, जमिनीपासून पंख्यापर्यंत. भाव वाढायची वाट पाहत होती. "मागं बेडरूम आहे मॅडम," दलाल म्हणाला. "मोठी आहे. पाहा ना, किती पोते बसले." खिडकी कोणत्या बाजूला आहे यावर मालक आणि मालकीण यांच्यात एकमत झालं नाही. त्याच घराच्या हॉलमध्ये एका भिंतीवर धबधबा चिकटवला होता, धबधब्याखाली दोन हरणं, आणि हरणांच्या पोटातून विजेची बटणं बाहेर आली होती. मालकीणबाईंनी हरणाच्या पोटात बोट घालून पंखा लावला.

मला रंगांची जाण आहे असं माझं स्वतःचं मत आहे. शाळेत बुलेटिन बोर्ड मीच सजवते. त्यामुळे ही घरं पाहून मला शारीरिक त्रास व्हायचा. बाबा मात्र प्रत्येक घराला "बरं आहे" म्हणायचे. मी ते खरं धरायचे आणि मग मीच नाही म्हणायचे. त्यांना खरंच काय वाटलं, हे मी एकदाही बसून विचारलं नाही. त्यांना रंग दिसत नाहीत, तेव्हा आवडीनिवडीचं काम माझं, असं मी ठरवून टाकलं होतं.

पाचव्या महिन्यात ते घर सापडलं. एका निवृत्त अधिकाऱ्याचं, तळमजल्यावर, मागे छोटं अंगण. भिंती मलईच्या रंगाच्या, फरशी त्याच रंगाची, दारं त्याच रंगाची, पडदे थोडे फिके. छताला कमळ नाही. आत पाऊल टाकताच मला कोणीतरी कपाळावर हात ठेवावा तसं वाटलं. मी मनात भांडी लावली, पुस्तकं लावली, बाबांची खाट खिडकीपाशी टाकली.

"बरं आहे," बाबा म्हणाले. "मी जरा बाथरूमले जाऊन येतो."

मी अधिकाऱ्यांशी पाण्याबद्दल बोलत होते. बोलता बोलता पाहिलं तर बाबा बोळीत भिंतीला हात लावून चालले होते. दार त्यांच्या हाताखालून गेलं, त्यांना कळलं नाही. बोळ संपली. ते परत फिरले. दुसऱ्यांदाही दारावरून हात तसाच गेला. मग कपाटाची मूठ हाताला लागली. त्यांनी कपाट उघडलं आणि चादरींसमोर क्षणभर उभे राहिले. कपाट नीट बंद केलं आणि आमच्याकडे आले.

"जाऊन आले?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हाव," बाबा म्हणाले. "मस्त आहे."

रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "तू घे हे घर. तुले आवडलं आहे, आवाजातून समजते मले. मी येत जाईन सणावाराले."

"बाबा, सवय होईल. पावलं मोजू. दाराला काहीतरी बांधू."

"कायले? लोकाच्या कपाटात उभं राह्याची सवय मले नाही करा लागत. गावी माह्या मोरीचा रस्ता माह्या पायाले पाठ आहे."

मला राग आला. त्यांच्या हट्टाचा आला, त्या सुंदर घराचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा. पाच महिने मी माझ्या डोळ्यांनी त्यांचं घर शोधत होते. मी रस्त्यातच रडले. दलाल मोबाइल पाहत बाजूला उभा राहिला. चांगला माणूस आहे तो.

किन्हीराजाच्या बसला तास होता. ऊन डोक्यावर आलेलं. दलाल म्हणाला, पुसद नाक्याजवळच्या एका घराची चावी माझ्याजवळ आहे, तिथं सावलीत बसू, घर पाहायची काही गरज नाही. कोणतं घर ते मला लगेच कळलं. ग्रुपवर त्याचे चौदा फोटो आले होते आणि पहिला पाहूनच मी मोबाइल पालथा ठेवला होता.

मालक रंगकाम करणारा होता. तीस वर्षं लोकांची घरं रंगवली आणि प्रत्येक कामातला उरलेला रंग घरी आणला. वाया काहीच घालवलं नाही. हॉल केशरी. स्वयंपाकघर निम्मं निळं, निम्मं हिरवं, कारण निळा तिथेच संपला. एक खोली जांभळी. दारांच्या चौकटी पोपटी, त्याही हातभर रुंद, कारण पोपटी कोणालाच नको असतो आणि तो सगळ्यात जास्त उरतो. बोळीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर गडद तपकिरी पट्टा. पायरीच्या कडेला पिवळा. बाथरूमचं दार लालभडक आणि त्यावर पांढरा हंस. हंस त्याने स्वतः काढला असावा, कारण मान फार लांब झाली होती. बहुधा पांढराही बराच उरला असणार.

मी हॉलमधल्या बाकावर डोळे मिटून बसले. दलाल म्हणाला, "मॅडम, पांढरं मारलं की झालं. दोन हात."

थोड्या वेळाने डोळे उघडले तर बाबा जागेवर नव्हते.

ते बोळीत होते. काठी काखेत. मान थोडी तिरपी करून, कडेच्या नजरेने त्या तपकिरी पट्ट्याकडे पाहत चालले होते. भिंतीला हात नव्हता. पिवळ्या कडेपाशी थांबले, पाय उचलला, पायरी उतरले. लाल दारासमोर उभे राहिले, सरळ कडीवर हात टाकला आणि आत गेले. आतून कडी लागली.

दलाल काहीतरी म्हणणार होता. मी हाताने त्याला गप्प केलं. आतून नळाचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. मला वाटतं त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, पाय धुतले, आणि तरी ते नळापाशी थांबले. मग कडी निघाली. चेहऱ्यावरून पाणी गळत होतं, पुसायला काही नव्हतं. तसेच ते पायरी चढून, पट्ट्याच्या कडेने, पोपटी चौकटीतून हॉलमध्ये आले.

"दारावर बगळा आहे काय?" त्यांनी विचारलं.

"हंस आहे," दलाल म्हणाला.

"बगळाच आहे तो." बाबा बाकावर बसले. "बाई, या घरात माही खोली कोनती राह्यली असती?"

मी तोंड उघडण्याआधी दलालच म्हणाला, "बाबाजी, जांभळी घ्या. हवेशीर आहे."

दलालाने मग घड्याळ पाहिलं आणि बस लागली असेल म्हणून सांगितलं.

"जाऊ द्या तिले," बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी नवरा रिसोडहून आला. त्याला मी घर दाखवलं. तो केशरी हॉलच्या मध्ये उभा राहिला, एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, मग माझ्याकडे. "तुला पसंत?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण माझी त्याला इतकी काळजी वाटलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आता तिथे राहून तीन वर्षं झाली. येणारा प्रत्येक पाहुणा चहा होईपर्यंत दम धरतो आणि मग विचारतो, रंग कधी देणार? शाळेतल्या एका बाईंनी तर मला एका इंटिरिअरवाल्याचा नंबर लिहून दिला, वर म्हणाल्या, तो ओळखीत पैसे कमी घेतो. मी सगळ्यांना 'दिवाळीनंतर' सांगते. बाबा आत जांभळ्या खोलीत रेडिओ ऐकत असतात. त्यांना वाटेल तेव्हा उठतात, जातात, येतात. मी उठत नाही. आधी उठायचे, तेव्हा ते रागवायचे.

गेल्या महिन्यात ते बोळीत थांबले. पट्ट्याकडे मान तिरपी केली, मग आणखी तिरपी केली.

"बाई, रंग उडून राह्यला का गं भिंतीचा?"

मी जाऊन पाहिलं. पट्टा होता तसाच होता. चौकटी होत्या तशाच होत्या. एक टवकाही उडालेला नव्हता.

"हो बाबा," मी म्हटलं. "जुना झाला. मारून घेते."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने समोर रंगांचं पुस्तक ठेवलं आणि स्वतःच मलईच्या रंगांचं पान उघडून दिलं. माझ्याकडे पाहून त्याला तेच वाटलं असावं. मी पानं उलटत शेवटपर्यंत गेले, जिथे नारिंगी, लाल, झेंडूपिवळा होते, आणि त्याला विचारलं, याच्याहून भडक काही आहे का?