नुसतं शिवायचं

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की थोरल्या भावाची गिटार आठवते, कारण तिच्या तारा तो याच तेलानं पुसायचा. आणीबाणी उठली त्या साली शिरोलीच्या फौंड्रीत लोखंडाचा रस त्याच्या डाव्या हातावर उडाला आणि तार दाबण्याइतकी बोटं वळेनाशी झाली. गिटार कित्येक महिने खुंटीला होती. एका रविवारी ती काढून तो मला हार्मोनिक्स, म्हणजे तार न दाबता काढायचे सूर, शिकवायला बसला. मी सवयीनं तार दाबायची, आवाज बसका यायचा. "दाबू नगंस. नुसतं शिवायचं, छेडलं की बोट उचलायचं," म्हणत त्यानं स्वतःचं आखडलेलं बोट गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर तारेला टेकवलं. लहान घंटेसारखा स्वच्छ सूर खोलीभर झाला. तो ऐकून आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "बरा झाला की हात." त्याला आता एवढंच वाजवता येणार होतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, "व्हय आई," म्हणाला आणि पुन्हा तोच सूर छेडला. आई शेवटपर्यंत तेच खरं धरून गेली. आता तोही नाही. तारा मी पुसते, पण बाराव्या पट्टीवर बोट ठेवलं की ते अजून दाबलंच जातं.