पगाराची चौकशी

पोलीस ठाण्यात जाऊन पोलिसांना त्यांचा पगार विचारू नये. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. उलट, विचारायलाच सांगितलं होतं.

झालं असं, की आमच्या ऋतुजानं बारावीनंतर पुण्याला जाऊन क्रिमिनॉलॉजीची पदवी घ्यायचं ठरवलं. म्हणजे गुन्हे का होतात, तपास कसा करतात, कायदा काय म्हणतो, असलं शिक्षण. फी ऐकून मी मटकन खाली बसलो. बँकेनं कर्जाचा हप्ता सांगितला तेव्हा बसलेलाच होतो, म्हणून वाचलो. कॉलेजच्या रंगीत पुस्तिकेत भिंगातून बोटांचे ठसे बघणारी एक हसरी मुलगी होती. तिला महिन्याला किती मिळतात, ते मात्र कुठंही नव्हतं. माझं क्रांती चौकाजवळ पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान आहे. तांबं किती लागेल ते बघितल्याशिवाय मी कुणाची मोटार हातात घेत नाही. मग एवढ्या कर्जावर डोळे झाकून सही कशी करणार? आणि प्रवेशाची मुदत शनिवारी संपत होती.

"पप्पा, मी सगळा हिशेब केलाय," ऋतुजा म्हणाली. "मोबाईलवर दाखवते."

मोबाईलवरचं मला पटत नाही. मी कन्नड गावच्या साडूंना फोन लावला. साडू प्रत्येक विषयातले जाणकार आहेत (स्वतःचा ऊस वेळेवर तोडून घेणं, हा एक विषय सोडून).

"पोलिसाचा पगार पोलिसालाच इचारायचा," साडू म्हणाले. "अन् नुसता पगार नका इचारू. वरचं किती सुटतंय ते बी इचारा. त्याच्याबिगर हिशेब लागत नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, डायरी घेतली आणि ठाण्यात गेलो. (कोणत्या, ते सांगत नाही. त्या रस्त्यानं मला रोज जावं लागतं.) टेबलामागं एक हवालदार बसले होते.

"महिन्याला हातात किती पडतात?" मी विचारलं.

"कुणाच्या?"

"तुमच्या."

त्यांनी बिचाऱ्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं.

"आणि वरचे?"

खोलीतलं टायपिंग थांबलं. हवालदार ताडकन उठले, त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली आणि चहा मागवला. "साहेब, आपण कोणत्या खात्याचे?" एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. लाच पकडणारे असेच साध्या कपड्यात येतात, हे मला फार नंतर कळलं.

"खातं कुठलं हो? मोटारी भरतो मी. चौकात दुकान आहे."

दुकानाची खात्री पटताच त्यांनी माझ्या हातातला अर्धा चहा काढून घेतला.

"मग वरचं कशाला पाहिजे तुला?"

"पोरीसाठी कर्ज काढायचंय."

"म्हणून इथं चौकशी? कुणी पाठवलं?"

"साडूनं."

त्यांनी साडूंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. साडूंनी आधी कोण बोलतंय ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "असल्या माणसाला मी वळखत नाय. माझं लगीनच झालेलं नाय, साडू कुठून येतो?"

मी बाकड्यावर गेलो. "बस गुमान," हवालदार म्हणाले. "फौजदार बाई येऊ दे."

समोरच्या टपरीवरून आमच्या शेजाऱ्यानं मला पाहून घरी फोन केला होता. बायको आणि ऋतुजा रिक्षा करून आल्या. बायकोनं डबा आणला होता. "काय केलं ते नंतर सांगा, आधी खाऊन घ्या," ती म्हणाली. मुक्काम लांबेल अशी तिची अटकळ होती.

ऋतुजा मात्र थेट टेबलापाशी गेली. "काका, पप्पांविरुद्ध तक्रार कुणी दिलीय?"

"कुणी नाय."

"नोंद केलीय?"

"नाय अजून."

"मग त्यांना कशासाठी बसवलंय?"

"लई वाकडं इचारलं त्यांनी."

"वाकडं विचारणं कोणत्या कलमात बसतं?"

हवालदार पुन्हा उठून उभे राहिले. तेवढ्यात फौजदार बाई आल्या, सगळं ऐकून हसल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"काका, खरं सांगते. या पदवीनं भरतीची परीक्षा चुकत नाही. बँका, विमा कंपन्या फसवणूक शोधायला मुलं घेतात, पण सुरुवातीला निम्मा पगार हप्त्यातच जाईल."

"माहितीये मॅडम," ऋतुजा म्हणाली. "तसं धरूनच हिशेब केलाय. पप्पा बघतच नाहीत."

मी बघितला, तिथंच बाकड्यावर. फी, व्याज, पगार कमीत कमी धरलेला, आणि नोकरी उशिरा लागली तर काय, तेही. कपडे, गावी येणं, सगळ्याला कात्री लावली होती. हप्त्याला कुठंच हात लावला नव्हता. मला भरून आलं. पोरीचा एवढा अभिमान वाटावा, आणि तो संशयितांच्या बाकड्यावर वाटावा, हे माझं नशीब.

शुक्रवारी आम्ही तिघं बँकेत गेलो. कर्जाचे साहेब कागद चाळत म्हणाले, "जरा वेगळाच कोर्स आहे. घरात कुणी आहे का या क्षेत्रात?"

"आहेत की," बायको म्हणाली. "हिचे वडील ठाण्यात होते."

"अरे वा! किती वर्षं?"

"एक दुपार. हिनं सोडवलं म्हणून, नाहीतर अजून तिथंच असते."

साहेबांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मग ऋतुजाकडे बघितलं आणि कर्ज मंजूर केलं.